दांतांचा वज्रलेप



“दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत” ही म्हण आपण दैवाच्या उफराट्या न्यायाविषयीं वापरतों. पण ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याची एखादी दाढ खरोखरच गेलेली असावी. नाशिकहून पश्चिमेस सावळ घाट ओलांडून पेठला गेलें, म्हणजे नागलीचा, वरईचा आणि खुरासणीचा मुलूख लागतो. तेथें शिळी झालेली नागलीची भाकरी चावावयाची तर दाढ शाबूत लागते. ती किडली, पोकळ झाली किंवा तिचा तुकडा उडाला, म्हणजे माणूस एका बाजूनें चावूं लागतो, आणि कांहीं दिवसांनीं दुसरी बाजूहि कुरकुरूं लागते. अशा मोडक्या दाढेवर दंतवैद्य चिनी मातीची टोपी चढवितात. लोक तिला ‘कॅप’ म्हणतात. ही टोपी आणि तिच्या खालचा दांत यांच्यामध्यें केसाहूनहि पातळ असा सिमेंटाचा थर असतो. आज ज्या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे, तो असा: टोपी टिकते ती कोणाच्या बळावर? तिच्या स्वतःच्या, कीं डोळ्यांस न दिसणाऱ्या ह्या थराच्या?

आपल्या पूर्वजांनीं दांतांचा विचार केला नव्हता असें मुळींच नाहीं. सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली असून त्यांपैकीं पंधरा रोग दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, व आठ प्रत्यक्ष दांतांचे सांगितले आहेत. तेथील उपचारांचा भर शोधन, रक्तमोक्षण, गंडूष, अग्निकर्म आणि शेवटीं उत्पाटन यांवर आहे. कृत्रिम दांतांचीहि आपल्याकडे जुनी आठवण आहे. ११९४ सालीं चंदावरच्या लढाईंत कनोजचा राजा जयचंद पडला, तेव्हां प्रेतांच्या राशींत त्याचा देह ओळखूं येईना. सोन्यानें जखडलेल्या कृत्रिम दांतांवरून तो ओळखला गेला, असें फरिश्त्यानें लिहून ठेवलें आहे. म्हणजे दांत बसविण्याची कला होती. परंतु तें बसविणें तारेचें व पाचरेचें होतें, लेपाचें नव्हतें.

आणि लेपाची विद्या तर आपल्याकडे त्याहूनहि जुनी. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचा एक स्वतंत्र अध्यायच घातला आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड हीं पाण्यांत उकळून काढा आठव्या हिश्शावर आणावयाचा, त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ वगैरे द्रव्यें मिसळावयाचीं, आणि तो लेप ऊन असतांनाच देवालयांस, मूर्तींस, भिंतींस लावावयाचा. असा लेप एक कोटि वर्षें टिकतो अशी त्याची ग्वाही आहे. सांवर, टेंभुर्णी, धामण हीं नांवें पेठच्या रानांत वावरणाऱ्यास परकीं नाहींत. शेजारच्या त्र्यंबकेश्वरीं शिवलिंगास वज्रलेप करण्यासाठीं जानेवारी २०२३ मध्यें मंदिर कांहीं दिवस बंद ठेवण्यांत आलें होतें; द्रव्यें बदललीं तरी शब्द चौदाशें वर्षें टिकला. मात्र देवाच्या मूर्तीस मिळालेला हा लेप माणसाच्या दाढेपर्यंत पोहोंचला नाहीं. कारण उघड आहे. मूर्ति कोरडी असते, तोंड ओलें असतें. मूर्ति स्थिर असते, जबडा दिवसांतून शेंकडों वेळां आपटतो. आणि मूर्तीपुढें ठेवलेला नैवेद्य मूर्ति चावीत नाहीं.

आतां चिनी मातीकडे वळूं. पॅरिसजवळच्या सें-जर्में-आं-ले गांवीं दुशातो नांवाचा एक औषधविक्या होता. त्याची कवळी हस्तिदंती होती, आणि औषधांची चव घेतां घेतां ती डागाळून तिला दुर्गंधी येऊं लागली. दुकानांतले चिनी मातीचे खल मात्र स्वच्छ राहत, हें पाहून १७७४ च्या सुमारास त्यानें चिनी मातीची कवळी करविण्याचें मनावर घेतलें. माती भट्टींत आकसते, ही गोष्ट कोणत्याहि कुंभारास सांगावयास नको. दुशातोची कवळीहि आकसली आणि बसेना. पुढें दुबुआ द शेमां ह्या दंतवैद्यानें तें काम तडीस नेलें व १७८८ सालीं आपल्या ‘खनिज दांतां’विषयीं पुस्तिका काढली. १८०८ सालीं फोंझी नांवाच्या इटालियन गृहस्थानें एकेक सुटा दांत करून त्यांत धातूची खुंटी बसविली. पण हे सारे दांत गेलेल्या दांतांच्या जागीं बसावयाचे होते. जिवंत दांताच्या बुंध्यावर मातीचें कवच चढवावयाचें, तर तें धरून ठेवणारा मसाला हवा होता, आणि तो अद्याप नव्हता.

तो मसाला इमारतींच्या विद्येंतून आला. १८५५ सालीं सोरेल ह्या फ्रेंच रसायनज्ञानें जस्ताची भस्मी आणि जस्ताचा क्लोराइड यांचें झटपट दगड होणारें मिश्रण काढलें. दंतवैद्यांनीं तें उचललें, परंतु दांतांतील नाजूक मगजास तें जाळी. नंतर १८७८-७९ च्या सुमारास जस्ताची भस्मी व फॉस्फोरिक आम्ल यांचें सिमेंट आलें. त्याच १८७८ सालीं पेठच्या बेगमेच्या मृत्यूनें पेठचें लहानसें संस्थान संपून तो मुलूख सरळ इंग्रजी अंमलाखालीं गेला. बेगमेचें राज्य गेलें. ह्या जस्ताच्या सिमेंटाचें राज्य मात्र पुढें जवळजवळ शंभर वर्षें निर्वेध चाललें.

ह्या सिमेंटाची कृति पाहण्यासारखी आहे. जस्ताच्या भस्मींत थोडी मॅग्नेशियाची भस्मी घालून ती हजार अंशांहून अधिक उष्णतेवर भाजतात व कुटून वस्त्रगाळ करतात. द्रव म्हणजे पाणी घातलेलें फॉस्फोरिक आम्ल. दोन्ही एकत्र येतांच ऊब सुटते, आणि ऊब वाढली कीं सिमेंट घाईनें आळतें. म्हणून कांचेची थंड पाटी घेऊन तीवर भुकटी चिमटीचिमटीनें, द्रव पसरवीत, सुमारें दीड मिनिट घोटावी लागते. आपली गवंडी मंडळी चुन्याची घाणी जशी मन लावून मळीत, तसेंच हें काम. घाई करणाऱ्याचें काम कच्चें राहतें. पण ह्या सिमेंटाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. तें चिकटत नाहीं. दांत आणि टोपी यांच्या अंगावरील बारीक खाचाखोचांत तें शिरतें, तेथें दगड होतें, आणि दाराच्या अडसराप्रमाणें टोपीस निसटूं देत नाहीं. दाबलें तर तें भक्कम. ओढलें तर दुबळें. शिवाय आम्लांत तें हळूहळू विरघळतें, आणि टोपीची कड जर दांताशीं नीट मिळालेली नसेल तर त्या फटींतून तें धुपून जातें व आंत कीड बिनबोभाट शिरते.

ह्याच काळांत आपल्या घरांतली लवंगहि दंतवैद्याच्या पाटीवर जाऊन बसली. लवंगेच्या तेलांत जस्ताची भस्मी कालवून केलेला लेप ठणका शमवितो. तात्पुरतें भरण म्हणून तो आजहि वापरांत आहे. त्याची एक खोड मात्र पुढें कामास येईल म्हणून येथेंच सांगून ठेवतों: लवंगेचें हें सत्त्व अलीकडच्या राळेच्या सिमेंटांस आळूं देत नाहीं.

आतां टोपी. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनीं प्लॅटिनमच्या वर्खावर चिनी माती भाजण्याची युक्ति १८८० च्या दशकांत काढली आणि १९०३ च्या सुमारास दांतावर अंगरख्यासारखी बसणारी मातीची टोपी प्रचारांत आणली. १९२७ सालीं एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग तो ह्याच लँड यांचा दौहित्र. आजोबांची टोपी दिसावयास अशी सुंदर होती कीं शेजारचा खरा दांत तिच्यापुढें फिका वाटे. पण ती फुटे. पुढच्या दांतांवर जेमतेम निभावे; दाढेवर बसविली कीं एखाद्या सुपारीच्या खांडानें तिचे दोन तुकडे होत.

ती कां फुटे? ह्याचें उत्तर दंतवैद्यानें दिलेलें नाहीं. तें विमानांच्या कारखान्यांतून आलें. फार्नबरो येथील ग्रिफिथ ह्या इंग्रज अभियंत्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, कांच किंवा तत्सम पदार्थ हिशेबानें जेवढा बळकट निघावा त्याच्या अल्पांशानेंच प्रत्यक्षांत बळकट असतो, आणि ह्याचें कारण म्हणजे त्याच्या अंगावरील सूक्ष्म चिरा. ताण आला कीं तो सगळा चिरेच्या टोंकाशीं गोळा होतो. लोखंड अशा वेळीं थोडें वांकून ताण वांटून घेतें. मातीस वांकणें ठाऊक नाहीं, ती तडकते. मातीचें भांडें दाबास भिणारें नाहीं, ताणास भिणारें आहे. आणि त्यांत तोंडांतल्या ओलाव्याची भर: पाणी चिरेच्या टोंकाशीं जाऊन तिला इंचाइंचानें पुढें नेतें, म्हणून आज न फुटलेली टोपी पांच वर्षांनीं साध्या घांसालाहि फुटते.

ह्यावरून सिमेंटाचें खरें काम ध्यानांत येईल. शहाबादी फरशी बसविणारा गवंडी काय करतो तें पाहा. फरशीखालीं मसाला सर्वत्र भरून बसला असेल तर तीवरून धान्याचीं पोतीं ओढलीं तरी ती हूं कीं चूं करीत नाहीं. खालीं पोकळी राहिली असेल तर टकटक वाजवितांच ती बोलते, आणि एक दिवस पाटा पडतांच चिरते. वरून दाब पडला कीं फरशी पोकळीवर किंचित् लवूं पाहते. तिचें वरचें अंग दाबलें जातें, खालचें ताणलें जातें. आणि चीर खालून निघून वर येते. टोपीचेंहि तसेंच आहे. ती बहुधा वरून ठेचली जाऊन फुटत नाहीं; आंतल्या अंगानें, जेथें सिमेंट असतें तेथूनच, तिची चीर सुरू होते. सिमेंटाचा थर जाड, पोकळ किंवा मवाळ असेल तर टोपी लवते. तो पातळ, भरीव आणि चिकट असेल तर दांत व टोपी मिळून एक वस्तु होते, आणि भार थेट दांतावर उतरतो. म्हणूनच ह्या थराची जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराचा चाळिसावा हिस्सा, याहून अधिक असूं नये असा जस्ताच्या सिमेंटासाठीं दंडक घातला गेला.

मग टोपी घडविणारे आणि सिमेंट कालविणारे यांच्यांत जी चढाओढ लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची कथा होय. सिमेंटाच्या बाजूनें पहिला मोठा डाव बुओनोकोर ह्यांनीं टाकला. जहाजांच्या पत्र्यास रंग धरावा म्हणून तो आधीं आम्लानें खरखरीत करतात, हें जाणून त्यांनीं १९५५ सालीं दांताच्या वरच्या कवचास अर्धा मिनिट फॉस्फोरिक आम्ल लावलें व त्यावर राळ पक्की चिकटते असें सिद्ध केलें. १९६२ सालीं बोवेन ह्यांची नवी राळ आली. १९६८ सालीं मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ ह्यांनीं जस्ताच्या भस्मीस फॉस्फोरिक आम्लाऐवजीं पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल दिलें, आणि दांतांतल्या चुन्याशीं रासायनिक सख्य करणारें पहिलें सिमेंट जन्मास आलें. लगेच १९६९ सालीं लंडनच्या सरकारी रसायनशाळेंतील अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट ह्यांनीं त्याच आम्लांत विशिष्ट कांचेची पूड मिसळून ‘ग्लास आयोनोमर’ नांवाचें सिमेंट तयार केलें. तें दांतास आपण होऊन चिकटतें आणि भोंवतालच्या दांतास फ्लोराइड पाझरीत राहतें.

टोपीच्या बाजूसहि लोक स्वस्थ नव्हते. येथें आंकडे थोडे सांगितले पाहिजेत. वांकवून मोडावयास लागणारें बळ मेगापास्कल ह्या मापानें सांगतात. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें दहा किलो. लँड ह्यांच्या जातीच्या साध्या चिनी मातीचें बळ ६० ते ७०. मॅक्लीन व ह्यूज ह्यांनीं १९६५ सालीं तींत अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक कालवून तें सुमारें दुप्पट केलें. १९६० च्या दशकांतच धातूच्या टोपीवर माती भाजून एकजीव करण्याची रीत रूढ झाली आणि पुढें कित्येक वर्षें दाढांचें राज्य तिनेंच केलें. १९९८ सालीं लिथियम डायसिलिकेटाची स्फटिकमय कांच आली. तिच्या आजच्या जातींचें बळ ३५० ते ४००. आणि आजची झिर्कोनिया ९०० ते १२०० पर्यंत जाते. ह्या झिर्कोनियाचें मूळ धातुतत्त्व क्लाप्रोथ ह्यांनीं १७८९ सालीं सिंहलद्वीपांतल्या एका रत्नखड्यांत शोधून काढलें होतें, आणि त्याचें खनिज केरळांतील चवरा येथील समुद्रकांठच्या वाळूंत आजहि सांपडतें. तिची खुबी १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं उलगडली: चीर जवळ येतांच तिच्या टोंकाशीं असलेले कण आपलें रूप पालटून शेंकडा चारांच्या आसपास फुगतात आणि चिरेचें तोंड दाबून धरतात. जणु भिंतीस तडा जातांच विटांनींच फुगून तो बुजवावा!

येथें सामान्य माणूस म्हणेल, मग सिमेंटाची चर्चा हवी कशाला? सर्वांत बळकट टोपी घ्यावी आणि निश्चिंत असावें. इतिहासाचें उत्तर असें सरळ नाहीं. १९८४ च्या सुमारास ‘डायकॉर’ नांवाची कांचेची टोपी बाजारांत आली. बोस्टनचे दंतवैद्य केनेथ मालामेंट ह्यांनीं तिच्या चौदा वर्षांपर्यंतच्या नोंदी ठेवून सोक्रान्स्की ह्यांच्यासह त्या १९९९ सालीं प्रसिद्ध केल्या. टोपी तीच, वैद्य तोच. परंतु जिच्या आंतल्या अंगास आम्लानें खरखरीत करून राळेच्या सिमेंटानें चिकटविलें होतें ती, तसें न केलेल्या टोपीपेक्षां पुष्कळच अधिक टिकली. आम्लानें अंगावरच्या बारीक चिरांचीं टोंकें बोथट होतात व राळ त्यांत शिरून त्या शिवून टाकते. उलट झिर्कोनियांत कांच नसल्यामुळें तें आम्ल तिच्यावर चालत नाहीं. तिच्यासाठीं फॉस्फेटाचा अंश असलेल्या विशेष राळा लागतात, किंवा दांताचा बुंधा पुरेसा उंच असेल तर साधें सिमेंटहि चालून जातें, कारण तेथें टोपी स्वतःच्या बळावर उभी असते. तात्पर्य, दुबळ्या टोपीस चिकट सिमेंटाचा आधार हवाच. बळकट टोपीस तो कमी पुरतो. पण बुंधा आंखूड असेल तर बळकट टोपीहि अखंडपणें निखळून हातांत येते.

हा सारा इतिहास नाशिकच्या पश्चिमेच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसास काय कामाचा, असा प्रश्न विचारला पाहिजे, नाहीं तर हें भाषण केवळ जगाची सहल ठरेल. आपल्या देशांत दंतविद्येचें शिक्षण उशीरा आलें. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं पहिलें दंतवैद्यक विद्यालय काढलें. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतविद्यालय १९३३ सालीं निघालें. दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. आणि महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं खुद्द नाशिकला स्थापन झालें. विद्या घाटाच्या ह्या बाजूस येऊन पोहोंचली, ही समाधानाची गोष्ट. पण टोपीचा पसारा मोठा असतो. दांत कोरावयाचें यंत्र, त्यास वीज, माप घेणें, टोपी भाजणारी भट्टी अथवा ती कातणारें यंत्र, आणि रुग्णाच्या निदान दोन खेपा. पाड्यावरच्या मजुरास प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस्‌टीचें भाडें. त्यानें टोपीची वाट पाहण्यापेक्षां दाढ उपटून घेणें पत्करलें, तर त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

अशा ठिकाणीं टोपीपेक्षां सिमेंटच अधिक उपकारी ठरलें आहे. डॉ. यो फ्रेंकन ह्यांनीं १९८० च्या दशकांत टांझानियांत, विजेविना, केवळ हातांतल्या हत्यारांनीं दांतांतला मऊ किडका भाग कोरून तेथेंच सिमेंट भरण्याची रीत बसविली. १९९१ पासून थायलंडांत तिची ग्लास आयोनोमर घेऊन नीट परीक्षा झाली, आणि १९९४ सालच्या जागतिक आरोग्यदिनीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती पुढें मांडली. तिला भट्टी नको, बहुधा सुई नको, भोंक पाडणारें यंत्र नको. शाळेच्या ओसरीवर बांकावर मुलास निजवून ती करतां येते. तिच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. लहान, एका बाजूच्या खड्ड्यांत हें भरण चांगलें टिकतें. दाढेच्या दोन-तीन बाजू गेल्या असतील तर तें लवकर झिजतें व तुटतें. म्हणजे ही रीत टोपीची जागा घेऊं शकत नाहीं. ती एवढेंच करते कीं, वेळीं वापरली तर बहुतेकांवर टोपीची पाळीच येत नाहीं. आश्रमशाळांतील मुलांचे दांत वर्षांतून एकदां पाहून लहान खड्डे तेथल्या तेथें भरले, तर वीस वर्षांनंतरच्या किती दाढा वांचतील याचा विचार ज्यांच्या हातीं योजना आहेत त्यांनीं करावा.

ज्यांस टोपी बसविणें शक्य आहे त्यांच्यासाठींहि ह्या इतिहासांत दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी आहेत. टोपी कोणत्या जातीची एवढेंच विचारून थांबूं नये. ती कोणत्या सिमेंटानें बसणार व कां, हेंहि विचारावें. आधीं लवंगेचें तात्पुरतें भरण केलेलें असेल तर दुसऱ्या वैद्यास तें आठवणीनें सांगावें, म्हणजे तो त्याचा अंश काढून मगच राळेचें सिमेंट वापरील. टोपी निघाली तर ती घरच्या डिंकानें अथवा बाजारी चिकटद्रवानें बसवूं नये; असा जाड, वांकडातिकडा थर म्हणजे फरशीखालची पोकळीच होय. टोपी जपून घेऊन वैद्याकडे जावें, कारण खालचा दांत उघडा पडला आहे आणि कीड मुहूर्त पाहत नाहीं. आणि टोपी बसली म्हणजे दांत अमर झाला असेंहि नव्हे. टोपी किडत नाहीं, पण तिच्या कडेखालचा दांत किडतो. त्या कडेवर दांतवण किंवा ब्रश रोज फिरला नाहीं, तर १२०० मेगापास्कलांचा किल्ला दिंडीदरवाज्यानें पडतो.

वराहमिहिरानें आपल्या लेपास एक कोटि वर्षांचें आयुष्य दिलें. आजचा कोणताहि शहाणा दंतवैद्य आपल्या सिमेंटाविषयीं असें बोलणार नाहीं. तो दहा-पंधरा वर्षांची आशा सांगेल आणि सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवावयास या म्हणेल. मला ही भाषा अधिक विश्वासाची वाटते. चिनी मातीचा तेज सर्वांस दिसतो आणि तिचें मोल सर्व विचारतात. जोडणारा थर दिसत नाहीं, म्हणून त्याची चौकशी होत नाहीं. परंतु गेल्या दीडशें वर्षांत जी टोपी टिकली ती बहुतेक वेळां त्या न दिसणाऱ्या थरानें तारली, आणि ज्या पाड्यावर टोपी पोहोंचलीच नाहीं तेथेंहि दाढ वांचवावयास तोच उभा राहूं शकतो. तो तेथवर नेणारीं माणसें मात्र हवींत.